स्पोर्ट्‌स मोटारीतील हलके फ्लायव्हील व क्लच : तत्त्व, लाभ आणि मर्यादा

प्रस्तावना

मोटारीच्या इंजिनाची शक्ती वाढविण्याचे अनेक मार्ग आहेत. परंतु शक्ती मुळीच न वाढविता गाडी अधिक चपळ करण्याचे मार्ग थोडे आहेत. मूळचे जड फ्लायव्हील काढून त्याजागी हलके फ्लायव्हील आणि त्याला अनुरूप असा क्लच बसविणे हा त्यांपैकी एक होय. स्पोर्ट्‌स मोटारींच्या चाहत्यांमध्ये हा बदल लोकप्रिय आहे. तथापि त्यामागील यंत्रशास्त्रीय तत्त्व नीट न समजता तो केल्यास अपेक्षित लाभाऐवजी गैरसोय, आणि प्रसंगी धोकाही, पदरी पडतो. प्रस्तुत लेखात या बदलामागील तत्त्व, त्यापासून मिळणारा खरा लाभ आणि त्याची किंमत यांचे विवेचन पोर्श ९११ या जर्मन मोटारीच्या उदाहरणाच्या आधारे केले आहे.

फ्लायव्हीलचे कार्य

फ्लायव्हीलला मराठीत प्रचक्र अशी संज्ञा आहे. चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये चार धावांपैकी केवळ एकच धाव शक्ती देते. उरलेल्या तीन धावा शक्ती खर्च करतात. त्यामुळे क्रँकशाफ्टला मिळणारे बल अखंड नसून धक्क्याधक्क्याने मिळते. सहा सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या मंद गतीने फिरत असताना असे ४० धक्के दर सेकंदाला बसतात. दोन धक्क्यांमधील काळात क्रँकशाफ्टची गती घसरू नये म्हणून तिच्या टोकाला जड चक्र बसविलेले असते. शक्तिधावेच्या वेळी ते ऊर्जा साठविते व नंतर ती परत करते. याखेरीज क्लचच्या चकतीला घर्षणपृष्ठ पुरविणे, स्टार्टर मोटारीसाठी दातेरी कडे वाहणे आणि घर्षणातून निर्माण होणारी उष्णता शोषणे ही कामेही याच चक्राकडे असतात.

निरूढी परिबलाचे गणित

फ्लायव्हीलचा परिणाम केवळ वजनावर अवलंबून नसून ते वजन अक्षापासून किती अंतरावर आहे यावर अवलंबून असतो. या गुणधर्माला निरूढी परिबल म्हणतात. भरीव चकतीचे निरूढी परिबल म्हणजे तिचे वस्तुमान आणि त्रिज्येचा वर्ग यांच्या गुणाकाराचा अर्धा भाग होय. अक्षापासूनच्या अंतराचा वर्ग होत असल्याने कडेजवळचा एक किलोग्रॅम धातू काढण्याचा परिणाम मध्याजवळचा तेवढाच धातू काढण्यापेक्षा कितीतरी अधिक असतो. १३ सेंटिमीटर अंतरावरील धातूचा प्रभाव ४ सेंटिमीटरवरील तेवढ्याच धातूच्या दहापटीहून जास्त भरतो.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, ८ किलोग्रॅम वजनाचे व १४ सेंटिमीटर त्रिज्येचे फ्लायव्हील काढून त्याच त्रिज्येचे ४ किलोग्रॅमचे बसविले. निरूढी परिबल सुमारे ०.०७८ वरून ०.०३९ किलोग्रॅम-वर्गमीटरवर येईल. चाकांकडून पाहता हा फरक एकूण गिअर-गुणोत्तराच्या वर्गाने वाढतो. चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर आणि पहिल्या गिअरमधील एकूण गुणोत्तर १२ धरल्यास गाडी जणू ६३ किलोग्रॅमने, म्हणजे साधारण एका प्रवाशाच्या वजनाने, हलकी झाल्यासारखी वागेल. गुणोत्तर ७ असलेल्या दुसऱ्या गिअरमध्ये हा आकडा २१ किलोग्रॅमवर उतरतो आणि गुणोत्तर ३ असलेल्या पाचव्या गिअरमध्ये केवळ ४ किलोग्रॅम राहतो.

यावरून दोन गोष्टी निश्चित होतात. एक, या बदलाचा लाभ खालच्या गिअरांमध्ये आणि गिअर बदलताना इंजिनाची गती चढविण्या-उतरविण्यात आहे. कमाल वेगात त्यामुळे फरक पडत नाही. दोन, इंजिनाची शक्ती वाढत नाही. जड रोलरला वेग देऊन शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर काही वेळा वाढलेला आकडा दिसतो. तो इंजिनाला स्वतःचे फिरते भाग प्रवेगित करण्यासाठी कमी शक्ती खर्चावी लागते म्हणून दिसतो. स्थिर गतीवर मोजणी केल्यास हा फरक नाहीसा होतो.

क्लचची निवड

क्लच किती परिपीडन वाहू शकेल हे घर्षणगुणांक, दाबाचे बल, घर्षणपृष्ठांची संख्या आणि पृष्ठाची सरासरी त्रिज्या यांच्या गुणाकारावर ठरते. घर्षणगुणांक ०.३, दाब ६००० न्यूटन, दोन पृष्ठे आणि सरासरी त्रिज्या १० सेंटिमीटर असल्यास ही क्षमता ३६० न्यूटन-मीटर होते. दाब वाढविल्यास क्षमता वाढते, पण पेडल जड होते. सिंटर केलेल्या धातूची अस्तरे अधिक उष्णता सोसतात. मात्र ती झटक्याने पकडतात. सेंद्रिय अस्तर हळुवार पकडते आणि रोजच्या वापरास तेच सोयीचे ठरते. शर्यतीचा क्लच शहरी रहदारीत चालकाचा पाय आणि गिअरबॉक्स या दोहोंची परीक्षा पाहतो.

पोर्श ९११ चे उदाहरण

१९८९ ते १९९४ या काळातील पोर्श ९११ ही गाडी ९६४ या अंतर्गत क्रमांकाने ओळखली जाते. तिच्या ३.६ लिटर क्षमतेच्या, हवेने थंड होणाऱ्या, सहा सिलिंडरांच्या सपाट इंजिनाची शक्ती २५० अश्वशक्ती आणि कमाल परिपीडन ३१० न्यूटन-मीटर होते. सर्वसाधारण गाड्यांमध्ये द्विवस्तुमान फ्लायव्हील वापरले होते. यात चक्राचे दोन भाग असून त्यांच्यामध्ये लवचीक घटक असतो. आरंभीच्या गाड्यांत हा घटक रबराचा होता, पुढे पोलादी स्प्रिंगांचा आला. इंजिनाचे पीळ देणारे कंप तेथेच शमतात आणि गिअरबॉक्सपर्यंत पोहोचत नाहीत.

याच मालिकेतील कॅरेरा आर. एस. या हलक्या आवृत्तीत मात्र कंपनीने स्वतःच हलके फ्लायव्हील बसविले. सर्वसाधारण कॅरेरा २ चे वजन सुमारे १३५० किलोग्रॅम, तर आर. एस.चे सुमारे १२२० किलोग्रॅम होते. त्या गाडीत आवाजरोधक अस्तरे व सुखसोयी वगळल्या होत्या. म्हणजे गिअरबॉक्सचा खडखडाट ऐकू येणे हे तिच्या ग्राहकाने गृहीतच धरले होते. तेच फ्लायव्हील सर्वसाधारण गाडीत बसविले म्हणजे हे तडजोडीचे गणित बदलते.

प्रथम अनुभवास येतो तो न्यूट्रलमधील खडखडाट. भार नसलेली दंतचक्रे इंजिनाच्या प्रत्येक धक्क्यासरशी एकमेकांवर आपटतात. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. चौकाजवळ येताना चालक क्लच दाबतो तेव्हा इंजिनाची गती झपाट्याने खाली येते. वरील उदाहरणातील जड चक्रात ८०० फेऱ्यांना सुमारे २७५ ज्यूल ऊर्जा साठलेली असते. हलक्या चक्रात ती निम्मीच असते. मंद गतीचे नियंत्रण करणारी झडप उघडेपर्यंत गती मर्यादेखाली जाते आणि इंजिन बंद पडते. इंजिनाबरोबर स्टिअरिंगला साहाय्य करणारा पंपही थांबतो, आणि वळणावर चाक अकस्मात जड होते. यावर उपाय म्हणजे नियंत्रण-संगणकातील मंद गतीची आज्ञावली बदलणे. हा खर्च मूळ अंदाजपत्रकात धरलाच पाहिजे.

बसवणीतील दक्षता

९११ चे इंजिन मागील बाजूस असल्याने या कामासाठी सामान्यतः इंजिन व गिअरबॉक्स एकत्रच खाली उतरवितात. इतक्या श्रमाचे काम पुन्हा करावे लागू नये म्हणून क्रँकशाफ्टचे मागील तेलरोधक सील, पायलट बेअरिंग व रिलीज बेअरिंग त्याच वेळी नवीन घालणे शहाणपणाचे ठरते. फ्लायव्हीलचे बोल्ट ताण सोसलेले असतात, म्हणून तेही नवीन घेऊन समोरासमोरच्या क्रमाने, निर्मात्याने दिलेल्या परिपीडनानुसार आवळावेत. चक्राची डगमग डायल गेजने तपासावी आणि क्लचची चकती मध्यदर्शक दांड्याने केंद्रस्थ करावी. अनेक गाड्यांत चक्राच्या दात्यांवरूनच संवेदक क्रँकशाफ्टचे स्थान ओळखतो. तेथे दात्यांची रचना तंतोतंत जुळली नाही तर इंजिन सुरूच होणार नाही.

सर्वांत महत्त्वाची बाब चकतीसंबंधी आहे. द्विवस्तुमान फ्लायव्हीलबरोबर सहसा स्प्रिंगविरहित चकती असते, कारण कंप शमविण्याचे काम चक्रच करते. एकसंध चक्र बसविल्यावर तीच चकती ठेवली तर कंप शमविणारा एकही घटक उरत नाही. म्हणून मध्यभागी स्प्रिंग असलेली चकती घेणे अनिवार्य आहे.

सुरक्षिततेचा प्रश्न

काटकसरीसाठी मूळचे बिडाचे चक्रच लेथवर कातून हलके करण्याची पद्धत आढळते. ती टाळावी. १४ सेंटिमीटर त्रिज्येच्या चक्राची कड मिनिटाला ७००० फेऱ्यांना सेकंदाला सुमारे १०३ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ ३७० किलोमीटर वेगाने फिरते. धातूवरील ताण गतीच्या वर्गाने वाढतो. बीड दाब सोसते, ताण सोसण्यात ते दुबळे असते. त्यातील सूक्ष्म तडा किंवा कातताना राहिलेला तीक्ष्ण कोपरा चक्र फुटण्यास कारण होऊ शकतो. असे तुकडे आवरण भेदून चालकापर्यंत पोहोचू शकतात. म्हणूनच अमेरिकेतील एस. एफ. आय. या संस्थेने बदली फ्लायव्हील व क्लच यांसाठी १.१ क्रमांकाचे स्वतंत्र विनिर्देश केले आहेत. घडीव पोलादाचे, किंवा पोलादी घर्षणपृष्ठ जोडलेले ॲल्युमिनियमचे, प्रमाणित व संतुलित चक्र हाच योग्य पर्याय होय.

निष्कर्ष

हलके फ्लायव्हील गाडीला शक्ती देत नाही, तत्परता देते. आणि ही तत्परता ते स्थिरतेच्या साठ्यातून उसनी घेते. धावपट्टीवर, जेथे इंजिन क्वचितच मंद गतीला येते, तेथे हा व्यवहार फायद्याचा आहे. रहदारीत रोज अडकणाऱ्या गाडीसाठी तो बहुधा तोट्याचा ठरेल. गाडी कोठे चालवायची हे आधी ठरवून चक्र, चकती व नियंत्रण-आज्ञावली यांचा एकत्रित विचार केला, तरच हा बदल सार्थकी लागतो.