क्लचने दिला दगा? आधी तेल बघा!

पेडल खाली गेलं म्हणजे क्लच प्लेट गेली, असं समजून हजारोंचं बिल भरणारे आपल्यात कमी नाहीत. हायड्रॉलिक क्लचचा फंडा एकदा क्लिअर झाला, की निम्मं टेन्शन खल्लास!

शुक्रवारची संध्याकाळ. धो धो पाऊस. पालघरचं काम आटोपून मनोरमार्गे हायवे पकडायचा आणि मुंबईत मस्त वीकएण्ड, असा साधा सरळ प्लॅन. वाघोबा खिंडीचा चढ लागला. पुढे लोड भरलेला ट्रक मुंगीच्या पावलाने चाललेला. थर्डमधून सेकंड टाकायला क्लच दाबला, आणि पेडल जे खाली गेलं ते वर यायचं नावच घेईना! गिअर जागचा हलेना, गाडीने दोन गचके दिले आणि बंद. मागे कंटेनर, त्याच्या मागे एसटी आणि सगळ्यांचे हॉर्न एकदम सुरू.

हॅण्डब्रेक ओढला, पार्किंग लाइट लावले. पायाच्या बोटांनी पेडल वर उचललं, दहा-बारा वेळा भराभर दाबलं. पेडलला जरासा जीव आला तेवढ्यात फर्स्ट टाकला आणि गाडी कशीबशी खिंड चढून कडेला लावली. वाघोबाच्या देवळाकडे बघून हात आपोआप जोडले गेले.

खरा धक्का त्यानंतर बसला. टो करून नेलेल्या गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता निकाल दिला, ‘क्लच प्लेट गेली साहेब. गिअरबॉक्स उतरवायला लागेल.’ आकडा पाच आकडी! मी जवळजवळ हो म्हणणार, तेवढ्यात बोईसरच्या मित्राला फोन लावला. हा एमआयडीसीत मेन्टेनन्सला आहे. तो म्हणाला, ‘पैसे नंतर दे. आधी क्लच पेडलच्या वर, मागच्या बाजूला हात घालून बघ. ओलं लागतंय का?’

हात घातला. बोटं चिकट ओली. प्लेट ठणठणीत होती, वरच्या सिलिंडरचं रबर गेलं होतं. शेवटी जे बिल झालं, ते आमच्या ठरलेल्या पार्टीच्या बिलापेक्षा कमी होतं!

फंडा काय आहे?

जुन्या मारुती ८००मध्ये क्लचला केबल असायची. तुटली की बदला, विषय संपला. स्कॉर्पिओ, इनोव्हासारख्या गाड्यांत मात्र केबलचं काम तेल करतं. पेडलला जोडलेला वरचा, म्हणजे मास्टर सिलिंडर; गिअरबॉक्सपाशी खालचा, म्हणजे स्लेव्ह सिलिंडर; आणि मध्ये तेलाने भरलेली नळी. तुम्ही पेडल दाबता, वरचा दट्ट्या तेल ढकलतो, तेल खालच्या दट्ट्याला ढकलतं आणि क्लच सुटतो. शाळेत पाठ केलेला पास्कलचा नियम, तो हाच.

गंमत अशी, की तेल दाबलं जात नाही, पण हवा दाबली जाते. नळीत हवेचा एक बुडबुडा शिरला, की तुमच्या पायाचा जोर तो बुडबुडा चेपण्यातच संपतो. खालच्या सिलिंडरपर्यंत पूर्ण रेटा पोहोचतच नाही. प्लांटमधल्या पंपाने एअर पकडली की काय होतं, हे तारापूरच्या पोरांना सांगायला नको. इथेही तेच!

हवा येते कुठून?

बहुतेक वेळा गळतीतून. रबरी सील झिजतं, तेल बाहेर येतं, त्या जागी हवा आत जाते. दुसरं कारण जुनं तेल. क्लचमध्ये भरतात ते ब्रेक ऑइलच, म्हणजे डॉट ३ किंवा डॉट ४. नावाला ऑइल, पण असतं ग्लायकॉलच्या जातीचं आणि हवेतलं पाणी शोषून घेणारं. नवं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, तेच पाणी मुरलं की १४० अंशांवर येऊ शकतं. डॉट ४चे हेच आकडे २३० आणि १५५. शिवाय पाण्याने सिलिंडर आतून गंजतो आणि तो गंज रबर खातो.

आता आपला पट्टा बघा. एका बाजूला समुद्र, चार महिने पाऊस, हवेत कायमची दमट खार. त्यात कंपन्या सुटायच्या वेळी बोईसरच्या नवापूर नाक्याला टँकर, ट्रेलर, बस आणि रिक्षांच्या गर्दीतून गाडी काढायची म्हणजे क्लचवरचा पाय निघतच नाही. म्हणून ‘गाडी कमी चालली आहे, तेल कशाला बदलायचं’ हा हिशेब इथे चालत नाही. तेल किलोमीटरने जुनं होतं तसं महिन्यांनीही होतं. अनेक कंपन्या दोन वर्षांची मुदत सांगतात. आपल्या गाडीचं मॅन्युअल एकदा उघडाच!

लक्षणं ओळखा

*पेडल स्पंजसारखं लागतं, चार-पाच वेळा पम्प केलं की सुधारतं:* नळीत हवा आहे.

*पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली जातं, बाहेर गळती मात्र दिसत नाही:* वरच्या सिलिंडरचं आतलं सील तेल मागे सोडतंय.

*पेडलपाशी कार्पेट ओलं:* वरचा सिलिंडर गळतोय.

*गिअरबॉक्सच्या बाजूला, खाली ओल:* खालचा सिलिंडर किंवा नळी. काही गाड्यांत हा सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत, बेअरिंगसोबत असतो. तिथे मात्र गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.

*इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात, चालू केल्यावर अडतात, रिव्हर्स टाकताना करकर आवाज येतो:* क्लच पूर्ण सुटत नाही. आधी तेल आणि हवा तपासा.

*ॲक्सिलरेटर दिला की इंजिन ओरडतं, पण गाडी पळत नाही:* प्लेट घसरतेय. हा आजार बहुतेक वेळा प्लेटचाच असतो, हवा काढून बरा होत नाही.

हवा काढायची कशी?

गॅरेजच्या भाषेत ‘एअर काढणे’, इंग्रजीत ब्लीडिंग. खालचा सिलिंडर बाहेरून हाती लागत असेल, तर हे काम रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये होऊ शकतं. लागतात दोन माणसं, योग्य मापाचा रिंग पाना, पारदर्शक नळी, एक बाटली आणि सीलबंद डबीतलं तेल. कोणतं तेल, हे टाकीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं.

१. गाडी सपाट जागी लावा, हॅण्डब्रेक ओढा, चाकांना लाकडी ठोकळे द्या. खाली शिरायची वेळ आलीच, तर गाडी स्टॅण्डवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही नाही!

२. टाकीचं झाकण आधी पुसा, मग उघडा. तेल वरच्या खुणेपर्यंत भरा.

३. खालच्या सिलिंडरवरच्या निप्पलची रबरी टोपी काढा. पाना बसवा, त्यावर नळी चढवा. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या तेलात बुडवून ठेवा.

४. आत बसलेल्याने पेडल सावकाश खाली दाबून तसंच धरायचं आणि ‘दाबलं’ म्हणून ओरडायचं.

५. खालच्याने निप्पल पाव ते अर्धा फेरा सैल करायचा. बुडबुड्यांसकट तेल बाहेर येईल. निप्पल बंद करायचा, मगच ‘सोड’ म्हणायचं. हा क्रम चुकला, की गेलेली हवा पुन्हा आत!

६. पेडल वर आलं नाही तर हाताने उचला आणि पुन्हा तेच. दर चार-पाच वेळांनी टाकीतली पातळी बघा. टाकी रिकामी झाली, की सगळं पहिल्यापासून.

७. नळीतून बुडबुडे थांबले, तेल स्वच्छ आलं, पेडल घट्ट लागलं, की निप्पल बेताने आवळा, टोपी लावा, पातळी भरा. इंजिन चालू करून रिव्हर्स टाकून बघा. आवाज नाही? जमलं!

दोन दिवसांनी पेडल पुन्हा मऊ पडलं, तर समजा, हवा काढली पण तिचा दरवाजा उघडाच आहे. गळती शोधा, सील किंवा सिलिंडर बदला. दर आठवड्याला एअर काढत बसणं हा इलाज नव्हे.

हे अजिबात नको

* बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकची टाकी एकच असते. पातळी सारखी उतरत असेल, तर नुसतं तेल ओतून वेळ मारून नेऊ नका. प्रश्न ब्रेकचा, म्हणजे जिवाचा आहे.
* इंजिन ऑइल किंवा कुठलंही पेट्रोलियम तेल त्या टाकीत नको. रबरं फुगून सगळी सिस्टिम बाद होईल.
* बाटलीत काढलेलं तेल पुन्हा वापरू नका. वर्षभर उघडी पडलेली डबीही नको.
* ब्रेक ऑइल रंग खातं. बॉडीवर सांडलं, तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. डोळे सांभाळा.
* खाऱ्या हवेत निप्पल गंजतो. जोर लावून तोडण्यापेक्षा गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि वाट बघा. तरीही हलला नाही, तर गॅरेज गाठा.

वाटेत अडकलात तर?

पेडल हाताने उचलून भराभर पम्प करा. तात्पुरता दाब आला, तर गाडी कडेला घेण्यापुरता वापरा. तेवढ्यावर चिल्हार फाट्यापर्यंत जाऊ, मग हायवेने मुंबई गाठू, असले हिशेब करू नका. पुढच्या चढाला काय होतं, ते मी बघितलंय!

१९६९पासून जिथे अणुवीज तयार होतेय, मोठमोठे रिॲक्टर आणि बॉयलर आपण लीलया सांभाळतो, त्या पट्ट्यातली आपण मंडळी टाकीचं एक झाकण उघडून बघायला का कचरतो? महिन्यातून एकदा बॉनेट उघडा, पातळी बघा, पेडलमागे हात फिरवा. दोन मिनिटांचं काम आहे. आणि पुढच्या वेळी कुणी बॉनेट न उघडताच ‘प्लेट गेली’ म्हणाला, तर शांतपणे विचारा, ‘आधी तेल बघितलंत का?’

वाघोबाला आजही हात जोडतो. पण आता, क्लच तपासून!