पोटातील अदृश्य कामकरी

शौचावाटे रक्त पडू लागले, की खेड्यापाड्यांतून दोनच नावे घेतली जातात: मूळव्याध किंवा आव. लाजेने दुखणे झाकले जाते, झाडपाल्यावर महिने लोटतात. परंतु कित्येकदा तो आतड्याचा चिवट दाह असतो. मोठ्या आतड्याच्या अस्तरावर व्रण पाडणारा अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि पचनमार्गात कोठेही उद्भवणारा क्रोन रोग हे त्याचे दोन मुख्य प्रकार होत.

हा शहरी, सुखवस्तू लोकांचा रोग अशी समजूत होती. तथापि हैदराबादच्या डॉक्टरांनी पोटाच्या तक्रारी असलेल्या तीस हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी करून २०२३ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत खेडीही या रोगापासून मुक्त नसल्याचे दिसून आले. तेव्हा आपल्या आदिलाबाद जिल्ह्यानेही सावध असावे.

आपल्या मोठ्या आतड्यात अगणित सूक्ष्म जंतू वास करतात. विकरे ही त्यांची अवजारे. ज्वारीच्या भाकरीतील जो कोंडा आपणांस पचत नाही, तो ही विकरे फोडतात. त्यातून निघणाऱ्या ब्युटिरिक आम्लावर आतड्याच्या अस्तराचे पोषण होते.

औषधाची कथा याहून नवलाची आहे. स्वीडनच्या डॉ. नाना स्वार्ट्झ यांनी १९४० च्या सुमारास सांधेदुखीकरिता सल्फासलाझिन हे औषध पुढे आणले. त्याने आतड्याचा दाहही शमतो, असे त्यांस आढळले. त्यात दोन द्रव्ये एकत्र बांधलेली असतात. लहान आतड्यात ही गाठ सुटत नाही. मोठ्या आतड्यातील जंतूंची विकरे ती सोडवितात आणि औषध नेमके दुखऱ्या जागी मोकळे होते. त्यांपैकी गुणकारी द्रव्य मेसालामिन हेच होय, हे बांगलादेशाचे डॉ. आझाद खान व त्यांचे ऑक्सफर्ड येथील सहकारी यांनी १९७७ साली दाखवून दिले.

परंतु हेच कामकरी कधी काम बिघडवितातही. काही जंतूंची विकरे मेसालामिनचे रूप पालटून त्याचा गुण घालवितात, असे २०२३ सालच्या संशोधनात आढळले. ज्या गोळीने शेजाऱ्यास आराम पडतो, तिने आपणांस पडत नाही, याचे हे एक कारण असू शकते. म्हणून दुसऱ्याची गोळी घेऊ नये आणि आपली मनाने सोडू नये. गुण न आल्यास डॉक्टरांस सांगावे. दुसरे उपाय आहेत. दाह चढलेला असताना भाकरी, कोंडा किती खावा, हेही त्यांनाच विचारावे.

वाचकहो, शौचात रक्त दिसले, जुलाब आठवड्यांमागून आठवडे थांबले नाहीत किंवा वजन उतरू लागले, तर विलंब करू नका. आतड्याचा क्षयही असाच भासतो; दुर्बिणीने तपासल्यावाचून निदान होणे कठीण. शरीराचे जे अवयव आपण हलके लेखतो त्यांचाच अधिक मान राखावा, ही संत पौलाची शिकवण आहे. घरातील कोणी संकोचाने गप्प असेल, तर आज त्याची मायेने विचारपूस करा.