'चार्जशीट' ते 'डिस्चार्ज': एकाच शब्दाचे एवढे अर्थ कसे?

मोबाइल चार्ज होतो, नवे साहेब चार्ज घेतात, मोर्चावर लाठीचार्ज होतो, बँक चार्जेस कापते आणि पोलीस चार्जशीट दाखल करतात. शब्द एकच, पण प्रत्येक ठिकाणी अर्थ वेगळा. हे सगळे अर्थ आले कुठून?

मूळ गाडीत

लॅटिनमध्ये 'कारुस' म्हणजे चाकांची गाडी. त्यावरून गाडीत माल भरणे या अर्थाचे क्रियापद झाले आणि ते फ्रेंचमार्गे इंग्रजीत पोहोचले. तोफेत दारू भरणे हाही पुढे चार्जच झाला. १८व्या शतकात बेंजामिन फ्रँकलिन यांनी विजेच्या प्रयोगांत हाच शब्द वापरला. मोबाइलची बॅटरी 'भरते' ती तेव्हापासून. माणसावर टाकलेले काम म्हणजे जबाबदारी, पैशाचे ओझे म्हणजे शुल्क, गुन्ह्याचा ठपका म्हणजे आरोप. गंमत म्हणजे मराठी प्रतिशब्दांतही हेच ओझे आहे: पदभार, अधिभार, विद्युत प्रभार.

चार्जशीट म्हणजे दोषी?

नाही. सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. तपास संपल्यावर पोलीस न्यायालयात सादर करतात ते दोषारोपपत्र म्हणजे चार्जशीट. ते पाहून गंभीर खटल्यांत न्यायालय आरोप निश्चित करते, यालाच 'चार्ज फ्रेम होणे' म्हणतात. खरा खटला त्यानंतर उभा राहतो. चार्जशीटची बातमी येताच सोशल मीडियावर निकाल लागलेला असतो, ती गोष्ट वेगळी.

खटला चालवण्याइतका पुरावा नसेल, तर न्यायालय आरोपीला आधीच 'डिस्चार्ज' करते. रुग्णालयातल्या डिस्चार्जशी त्याचा संबंध नाही, आणि हा डिस्चार्ज म्हणजे निर्दोष सुटकाही नाही. नवा सबळ पुरावा मिळाला तर कारवाई पुन्हा होऊ शकते. साक्षीपुरावे होऊन निर्दोष ठरलेल्यावर मात्र त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही. तो निकाल अपिलात फिरला, तर गोष्ट वेगळी.

जमिनीवरचा चार्ज

१८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही 'चार्ज' आहे. म्हणजे देणे फिटावे यासाठी एखाद्या मालमत्तेवर टाकलेला भार. गावाकडे त्याला सरळ 'बोजा' म्हणतात. विकास सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज घेतले, की त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' या रकान्यात येते. जमीन घेणाऱ्याने मालकाच्या नावाइतकाच हा रकाना पाहायला हवा.

कर्ज फेडल्यावर बोजा आपोआप उतरत नाही. बँकेकडून कर्ज फिटल्याचा दाखला घेऊन तलाठ्याकडे किंवा 'ई-हक्क' या ऑनलाइन प्रणालीवर बोजा कमी करण्यासाठी अर्ज करावा लागतो. फेरफार मंजूर होईपर्यंत, शेवटचा हप्ता भरून कितीही दिवस झाले असले तरी, उताऱ्यावर कर्ज उभेच दिसते.