वर्ध्याच्या बैठकीत समुद्र
किनाऱ्यापासून साडेसातशे किलोमीटरवर समुद्री मत्स्यालय उभारायचं, तर मासे सगळ्यात शेवटी येतात. आधी पाणी, उष्मा आणि लाइट यांच्याशी हिशेब मिटवावा लागतो.

वर्ध्याला समुद्र बादलीतून येतो, पांढऱ्या पावडरीच्या रूपात. मुंबईचा किनारा इथून रेल्वेने साडेसातशे किलोमीटर. तिथून पाण्याचा टँकर मागवणं कुणाला परवडणार नाही, आणि परवडलं तरी एवढ्या मोठ्या शहराच्या किनाऱ्याचं पाणी प्रवाळाजवळच्या माशांना चालण्यासारखं नसतं. म्हणून समुद्री टाकीची हौस असलेला वर्धेकर खास या कामासाठी बनवलेलं मीठ आणतो, शुद्ध पाण्यात विरघळवतो आणि त्याचा समुद्र तयार होतो. इथपर्यंतचं काम एका दुपारचं आहे. खरं काम पुढे सुरू होतं. ते पाणी उद्या तसंच राहिलं पाहिजे, महिन्याभराने तसंच राहिलं पाहिजे, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर गेला, त्यात लाइट गेली, तरीही तसंच राहिलं पाहिजे.

प्रवाळ खडकांभोवतीचा समुद्र फार कमी बदलतो. दर किलो पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार, वर्षभरात तापमानाचा मोजक्या अंशांचा चढउतार, आणि नायट्रेट लिटरमागे 1 मिलिग्रॅमहूनही कमी. गप्पी मासा गटारातही तगतो, कारण त्याच्या पूर्वजांनी डबकी आटताना आणि भरताना पाहिली आहेत. प्रवाळांत राहणाऱ्या जीवांवर अशी वेळ क्वचितच आली. त्यामुळे घरातली समुद्री टाकी म्हणजे मुळात स्थैर्य तयार करणारं यंत्र. त्यातला प्रत्येक पाइप, पंप आणि व्हॉल्व कुठला तरी बदल रोखायला बसवलेला असतो.

हे पहिल्यांदा जमवलं ते समुद्रापासून दूर राहणाऱ्या एका बाईंनी. 1846 साली ॲना थाइन यांनी इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले आणि घरात वाढवले. पाण्यात हवा मिसळत राहावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून रोज बराच वेळ ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत असे. आज हे काम विजेचा पंप करतो. तत्त्व मात्र तेच आहे.

आधी स्लॅबला विचारा

चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी घेऊ. आकारमान 9 घनफूट, म्हणजे सुमारे 255 लिटर. 10 मिलिमीटर जाडीच्या काचेचं वजन 50 किलोच्या पुढे जातं. त्यात खाऱ्या पाण्याचे अडीचशे किलो, दगड, वाळू, लोखंडी स्टँड आणि खाली ठेवायची दुसरी टाकी धरली तर एकूण भार अर्ध्या टनाच्या घरात जातो. टाकी व्यापते ती जागा जेमतेम सहा चौरस फूट. राहत्या घराचा स्लॅब सर्वसाधारणपणे दर चौरस मीटरला 200 किलो वापरभार धरून आखलेला असतो. इथे तेवढ्याच जागेवर त्याच्या चौपट भार येतो. म्हणून तळमजला उत्तम. वरच्या मजल्यावर ठेवायचीच असेल तर भिंतीलगत, बीमच्या वर, आणि इंजिनिअरला दाखवून.

टाकी जोडताना बाथरूमचं सिलिकॉन वापरू नये. त्यात बुरशीनाशक असतं आणि ते माशांनाही सोडत नाही. पाइपसाठी काचेला भोक पाडायचं असेल तर काच साधी हवी. टफन केलेल्या काचेला ड्रिल लावलं की तिचा चुरा होतो.

बोअरच्या पाण्याचं गणित

केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या वार्षिक भूजल गुणवत्ता अहवालात नायट्रेटची समस्या गंभीर असलेल्या देशातल्या जिल्ह्यांमध्ये वर्ध्याचं नाव आहे. सोबत अमरावती, यवतमाळ हे शेजारी आणि विदर्भातलाच बुलडाणाही आहे. शेतात पडणारा युरिया, गोठ्यांचं आणि शौचालयांचं झिरपणारं पाणी यांतून हे नायट्रेट विहिरी-बोअरमध्ये उतरतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम आहे. माणसासाठी ठरवलेली ही मर्यादा समुद्री टाकीला कित्येक पटींनी जास्त पडते.

हिशेब करून पाहा. वरची आणि खालची टाकी मिळून सोयीसाठी 300 लिटर पाणी धरू. वर्ध्याच्या कोरड्या उन्हाळ्यात त्यातलं दिवसाला 5 लिटर सहज उडून जातं. वाफेबरोबर ना मीठ जातं ना नायट्रेट, जातं ते निव्वळ पाणी. ती तूट लिटरमागे 50 मिलिग्रॅम नायट्रेट असलेल्या बोअरच्या पाण्याने भरली, तर रोज 250 मिलिग्रॅम नायट्रेटची भर पडते. महिन्याभरात टाकीतलं प्रमाण लिटरमागे 25 मिलिग्रॅमने वाढतं, आणि तेही माशाला एक दाणा खाऊ न घालता. मग काचेवर हिरवं शेवाळ चढतं आणि दोष माशांच्या खाण्याला दिला जातो.

यावर उपाय म्हणजे आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिनचं नळकांडं. आरओच्या पडद्यातून थोडंफार नायट्रेट निसटतं, ते हे रेझिन धरून ठेवतं. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी जसंच्या तसं चालत नाही, कारण चवीसाठी त्यात बऱ्याचदा थोडं मूळ पाणी पुन्हा मिसळलेलं असतं. नळाला धाम नदीचं पाणी येत असलं तरी त्यात क्लोरीन असतंच, म्हणून तेही याच वाटेने यायला हवं. आरओ एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतं. फरशी आणि संडास धुवायला ते चालतं. पण पहिल्यांदा टाकी भरायची ती पावसाळ्यात, पाणी मुबलक असताना. उन्हाळ्यात नळ दिवसाआड येत असताना हा उद्योग शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर येतो, आणि ते बरोबरही आहे.

मिठाचंही तसंच. समुद्राच्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळून 85 टक्क्यांच्या आसपास असतात. उरलेल्यात सल्फेट, किलोमागे 1.3 ग्रॅम मॅग्नेशियम, 0.4 ग्रॅम कॅल्शियम, पोटॅशियम आणि इतर क्षार येतात. स्वयंपाकाच्या मिठात हे बाकीचं नसतं. शिवाय त्यात आयोडिन आणि गोळे होऊ नयेत म्हणून घातलेलं रसायन असतं. 300 लिटरला खास मिश्रण 11 ते 12 किलो लागतं.

टाकी आणि कूलर

प्रवाळ भागातल्या माशांना 24 ते 27 अंश मानवतात. मे महिन्यात वर्ध्याच्या खोलीतलं तापमान रात्रीही तिथवर उतरत नाही. पण गारव्यासाठी विदर्भात जो मार्ग घरोघरी चालतो, तोच इथेही चालतो. 1 लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 2,430 किलोज्यूल उष्णता खर्च होते. 300 लिटर खारं पाणी एका अंशाने गार करायला सुमारे 1,230 किलोज्यूल काढावे लागतात. म्हणजे बाहेरून उष्णता आत आली नाही, तर 1 लिटर पाणी उडालं की सगळी टाकी 2 अंशांनी उतरते. पृष्ठभागावरून वारा घालणारा साधा टेबल फॅन हे काम करतो, आणि हवा जितकी कोरडी तितकं चांगलं करतो.

गोम इथेच आहे. त्याच खोलीत कूलर चालू असेल तर हवा दमट होते आणि फॅनचा परिणाम घटतो. पावसाळ्यात तर तो जवळजवळ निकामी ठरतो. सुदैवाने तेव्हा उष्माही कमी असतो. मे महिन्यातल्या सगळ्यात वाईट दिवसांसाठी चिलर किंवा खोलीला एसी हवाच.

फॅनने उडालेलं पाणी रोज भरून काढलं नाही, तर मीठ मागे राहतं. चार दिवसांत 20 लिटर उडालं की 35 ची क्षारता 37.5 होते. म्हणून शुद्ध पाण्याची एक बादली उंचावर ठेवायची आणि खालच्या टाकीत बॉलकॉक बसवायचा. कूलरमध्ये आणि गच्चीवरच्या टाकीत असतो तोच. फक्त पितळी नको. पितळेत तांबं असतं, आणि खाऱ्या पाण्यात विरघळलेलं तांबं गोगलगायी, कोळंबी, खेकडे यांचा जीव घेतं. प्लंबर सवयीने पितळी बॉलकॉक आणि जीआयचे निपल घेऊन येतो. त्याला आधीच सांगावं की धातूचं काहीही पाण्याला लागता कामा नये. सगळं यूपीव्हीसी.

लाइट गेल्यावर काय होतं?

समुद्री टाकीचं प्लंबिंग दोन रस्त्यांचं असतं. वरच्या टाकीतून पाणी ओसंडून खालच्या टाकीत उतरतं आणि तिथून पंप ते पुन्हा वर चढवतो. ओसंडणाऱ्या कडेमुळे वरची पातळी ठरलेली राहते आणि पृष्ठभागावरचा तेलकट पापुद्राही खाली निघून जातो. गाळणी, हीटर, बॉलकॉक ही सगळी अडगळ खाली स्टँडमध्ये लपते.

उतरणारा पाइप चढणाऱ्यापेक्षा जाड हवा. चढणाऱ्यामागे पंपाचा जोर असतो, उतरणाऱ्याला फक्त गुरुत्वाकर्षण. साधारणपणे उतरायला एक इंची आणि चढायला पाऊण इंची पाइप घेतात. पंपाच्या खोक्यावर लिहिलेला प्रवाह शून्य उंचीवरचा असतो. पाणी दीड मीटर चढवताना आणि प्रत्येक एल्बोला वळताना तो बराच घटतो. म्हणून 90 अंशांच्या एका वळणाऐवजी 45 अंशांची दोन वळणं बरी. पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन लावावं, नाहीतर पंप साफ करायच्या वेळी हॅकसॉ काढावी लागते.

आता लाइट जाते. पंप थांबतो. वरचं पाणी ओसंडणाऱ्या कडेच्या पातळीला येईपर्यंत खाली उतरत राहतं. पातळी 3 सेंटिमीटर उतरली तर सुमारे 17 लिटर. पण चढणाऱ्या पाइपचं तोंड पाण्यात 10 सेंटिमीटर खोल बुडवलेलं असेल, तर तोच पाइप सायफन होऊन उलटा वाहायला लागतो आणि 56 लिटर पाणी खाली येतं. खालच्या टाकीत तेवढी जागा नसेल तर ते फरशीवर येतं, आणि फरशीवरून विजेच्या बोर्डाकडे. नॉन-रिटर्न व्हॉल्ववर भरवसा ठेवू नये, कारण एखादी बारीक गोगलगाय अडकली तरी तो अर्धवट उघडा राहतो. खात्रीचा उपाय म्हणजे पाइपला पृष्ठभागाच्या किंचित खाली एक छोटं भोक. पातळी तिथवर उतरली की हवा आत शिरते आणि सायफन तुटतो. ते भोक महिन्यातून एकदा टोकरून मोकळं करायचं. मासे आणण्याआधी मेन स्विच मुद्दाम बंद करून ही चाचणी दोन-तीनदा घ्यावी.

पुराचा धोका टळला तरी श्वासाचा प्रश्न उरतो. 27 अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. तेवढ्याच तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात साडेसहाच्या आसपास. म्हणून प्रवाह थांबला की खारी टाकी लवकर गुदमरते. बॅटरीवरचा हवेचा पंप किंवा इन्व्हर्टरवर घेतलेली एक मोटर हा खर्च टाळण्यातला नाही.

फेस आणि जिवाणू

खालच्या टाकीतलं सगळ्यात गमतीचं यंत्र म्हणजे स्किमर. तो एका उभ्या नळकांड्यात अतिशय बारीक बुडबुडे सोडतो. प्रथिनांसारख्या रेणूंचं एक टोक पाण्याला चिकटतं, दुसरं पाण्यापासून पळतं. असे रेणू बुडबुड्याच्या पृष्ठभागावर गोळा होतात आणि फेसाबरोबर वरच्या पेल्यात चढतात. काही दिवसांत तिथे चहाच्या रंगाचं दुर्गंधीयुक्त पाणी साठतं. हे रेणू टाकीत कुजले असते तर आधी अमोनिया आणि शेवटी नायट्रेट झाले असते. गोड्या पाण्यात हे यंत्र नीट चालत नाही, कारण तिथे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात. खाऱ्या पाण्यात ते बारीक राहतात.

उरलेलं काम जिवाणू करतात. दगडांच्या पृष्ठभागावरचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. दगडाच्या आतल्या, ऑक्सिजन न पोहोचणाऱ्या छिद्रांतले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. ही वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासा सोडणं म्हणजे त्याला अमोनियात बुडवणं. समुद्राच्या अल्कलीयुक्त पाण्यात अमोनिया जास्त जहाल असतो.

प्रवाळ मात्र नाही

परदेशी चित्रफितींतल्या टाक्यांमध्ये रंगीबेरंगी प्रवाळ डोलताना दिसतात. आपल्याकडे कठीण सांगाडा बांधणारे सर्व प्रवाळ, समुद्री पंखे आणि समुद्रघोडे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. म्हणजे कायद्याने त्यांना वाघाइतकंच संरक्षण आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर परदेशी संरक्षित प्रजाती बाळगण्याचीही नोंदणी लागते. समुद्रातून काढलेला 'लाइव्ह रॉक' हा बहुतेक वेळा प्रवाळाचा सांगाडाच असतो, त्यामुळे तोही टाळायचा. भाजलेल्या मातीचे किंवा सिमेंटचे सच्छिद्र दगड जिवाणूंना तितकेच चालतात.

हा कायदा जाचक वाटत असेल तर आपल्या किनाऱ्याकडे पाहावं. 1987 साली अभयारण्य जाहीर झालेल्या मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँकेचं बुडालेलं प्रवाळ पठार आहे. हे साठे थोडे आहेत, आणि पाणी नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखाद्या अंशाने काही आठवडे तापलं तरी प्रवाळ पांढरे पडतात. टाकीतला एक अंश आपण पंखा लावून उतरवतो. समुद्राला तशी सोय नाही.

मासे मात्र समुद्राला हात न लावता मिळू शकतात. नवी मुंबईत ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाने राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या साहाय्याने क्लाउनफिशची हॅचरी उभारली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही त्यांच्या पैदाशीचं तंत्र विकसित केलं आहे. हॅचरीतली पिल्लं टाकीला सरावलेली असतात आणि निसर्गात ज्याच्या आसऱ्याला ती राहतात त्या समुद्रफुलाशिवायही आनंदात राहतात. लहान पिल्लांची जोडी घेतली तर नर-मादीची चिंता करावी लागत नाही. त्यातलं दांडगं होईल ते मादी बनतं, दुसरं नर राहतं.

घाई मात्र करू नये. टाकी पावसाळ्यात भरावी, हिवाळ्यात जिवाणू रुजू द्यावेत आणि पहिला उन्हाळा एकही मासा न सोडता काढावा. थर्मामीटर आणि क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर एवढी दोन साधनं घेऊन रोज संध्याकाळी आकडे वहीत लिहावेत. मे महिन्याच्या पानावर तापमान 27 च्या वर गेलं नसेल आणि क्षारता 35 च्या आसपास राहिली असेल, तर खुशाल मासे आणावेत. नसेल, तर चूक कुठे झाली ते वही दाखवेल आणि ती सुधारताना कुणाचा जीव गेलेला नसेल.