छर्रा छोटा, हिशोब मोठा

आपल्याकडे मुलीला गाण्याच्या किंवा नाचाच्या क्लासला घालणं नवं नाही. आता त्यात नेमबाजीचीही भर पडली आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला मनू भाकरनं १० मीटर एअर पिस्तुलात ब्राँझ जिंकलं, तेव्हा तर कितीतरी घरांत मुलींनी हट्ट धरला, ‘आई, मलाही शिकायचंय!’

सुरुवातीला पिस्तूल बहुतेक क्लबचंच वापरायला मिळतं. घरच्या पैशाला खरा खार लागतो तो छर्‍यांमुळे. पिस्तूल घेतलं की वर्षानुवर्षं चालतं, छर्रे मात्र रोज संपतात. स्पर्धेत एका मुलीला ६० नेम मारायचे असतात. सरावात रोज तेवढेच मारले, तर ५०० छर्‍यांचा डबा जेमतेम आठ दिवस पुरतो. महिन्यात पंचवीस दिवस सराव म्हणजे तीन डबे. म्हणूनच कोणता छर्रा घ्यायचा, हे आईलाही कळायला हवं.

चपट्या तोंडाचाच घ्या

एअर पिस्तुलाचा छर्रा ४.५ मिलिमीटरचा आणि शिशाचा असतो. आकार डमरूसारखा, मध्ये बारीक आणि मागे परकरासारखा घेर. दुकानात टोकदार आणि गोल डोक्याचेही मिळतात, पण स्पर्धेच्या सरावाला चपट्या तोंडाचाच लागतो. तो कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतो. टोकदार छर्‍यानं कागद फाटतो आणि गुण नऊ की दहा, यावर वाद होतो. दहा गुणांचं वर्तुळ अवघं साडेअकरा मिलिमीटरचं असतं, तिथे फाटका कागद कसा चालेल?

स्वस्त मिळतात म्हणून पोलादी गोळ्या तर मुळीच घेऊ नका. त्या आदळून उलट अंगावर येऊ शकतात आणि नळीच्या आतल्या खाचाही खराब करतात. काटकसर म्हणून वापरलेले छर्रे वेचून पुन्हा भरू नका. एकदा आदळला की त्याचा आकार गेला, तो पुन्हा सरळ जात नाही.

महाग म्हणजे चांगलाच?

एकाच कंपनीचे सरावाचे आणि स्पर्धेचे असे वेगवेगळे छर्रे असतात. स्पर्धेचे अधिक निवडून-पारखून भरलेले, म्हणून महाग. पण नवशिक्या मुलीचा हातच इतका हलत असतो, की छर्‍यातला बारीक फरक तिच्या कागदावर दिसतच नाही. पहिलं वर्ष सरावाचा साधा, पण चांगल्या कंपनीचा छर्रा पुरे. नेम सातत्यानं नऊ-दहाच्या आसपास पडायला लागले, की मग महागाकडे वळावं.

निवडताना शितावरून भाताची परीक्षा करता येते. दोन-तीन प्रकारचे थोडे थोडे छर्रे घ्या. कोचच्या देखरेखीखाली, पिस्तूल पक्क्या आधारावर ठेवून, प्रत्येकाचे दहा नेम वेगवेगळ्या कागदांवर मारायला सांगा. ज्याची भोकं सर्वांत जवळ जवळ पडली, तो त्या पिस्तुलाला मानवला. मैत्रिणीच्या पिस्तुलाला चालला म्हणून आपल्यालाही चालेल, असं नाही. एकदा ठरलं की सारखा बदलू नका. छर्रा बदलला की नेम थोडा सरकतो, आणि चूक हाताची की छर्‍याची, हेच मुलीला कळेनासं होतं.

शिसं मऊ असतं. डबा हातातून पडला की घेर चेपतो. असे छर्रे बाजूला काढावेत. गहू निवडणार्‍या आपल्या डोळ्यांना ते लगेच दिसतात!

आणि एक फुकटचा सराव आहेच. छर्रा न भरता नेम धरायचा आणि घोडा दाबायचा. याला ‘ड्राय प्रॅक्टिस’ म्हणतात. बहुतेक स्पर्धेच्या एअर पिस्तुलांत तशी सोय असते. पिस्तूल रिकामं आहे, याची खात्री मात्र प्रत्येक वेळी करायची.

पॉइंट टू टू कडे वळताना

२५ मीटर प्रकारात छर्रे नव्हे, तर .२२ ची काडतुसं लागतात. इथे १९५९ चा शस्त्र कायदा लागू होतो, परवान्याशिवाय पिस्तूलही नाही आणि काडतूसही नाही. त्यामुळे क्लबमार्फतच जावं. सरावाला साध्या वेगाचं काडतूस घ्यावं. जास्त वेगाचं जोरात झटका देतं, आणि या प्रकाराच्या दुसर्‍या टप्प्यात एका नेमाला तीनच सेकंद मिळतात. एवढ्यात झटका सावरायचा कसा? खोक्यावरचा बॅच नंबर लिहून ठेवा. जी बॅच पिस्तुलाला मानवली, तिचीच आणखी खोकी मिळाली तर उत्तम.

काडतूस उडालं नाही, तर मुलीनं पिस्तूल वळवून बघायचं नाही. नळी लक्ष्याकडेच ठेवून थांबायचं आणि दुसरा हात वर करून कोचला बोलवायचं. हे पहिल्याच दिवशी पाठ व्हायला हवं. रिकाम्या .२२ पिस्तुलाचा घोडा कोचला विचारल्याशिवाय दाबू नये, आतली पिन खराब होऊ शकते.

शिसं घरात नको

आता सर्वांत महत्त्वाचं. छर्रे हाताळताना शिसं बोटांना लागतं. .२२ च्या धुरातही ते असतं. शिसं पोटात गेलं, तर लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि इतकं चालेल अशी सुरक्षित पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते हाडांत साठतं आणि पुढे गरोदरपणात बाळापर्यंत पोहोचू शकतं. शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असेल, तर शिसं जास्त शोषलं जातं. आपल्याकडे मुलींमध्ये अशक्तपणा किती आढळतो, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून एवढं पाळाच:
- छर्रा तोंडात कधीही धरायचा नाही. रेंजवर डबा खायचा नाही, पाणीही हात धुऊनच प्यायचं.
- सराव संपल्यावर हात साबणानं स्वच्छ धुवायचे.
- सरावाचे कपडे वेगळे धुवायचे, बाळाच्या कपड्यांत टाकायचे नाहीत.
- छर्रे स्वयंपाकघरात किंवा देवघराच्या कोनाड्यात नकोत. कुलूपबंद पेटीत, लहानांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा.
- बंद खोलीतल्या रेंजवर हवा खेळती आहे ना, हे स्वतः जाऊन बघा. तिथे कोरडा झाडू मारत असतील, तर ओल्या फडक्यानं पुसायला सांगा.
- घरात कुणी गरोदर नेमबाज असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. रक्तातलं शिसं तपासता येतं.

कथलाचे, शिसं नसलेले छर्रेही मिळतात. ते हलके आणि महाग असतात, नेमही वेगळा पडतो. पण परवडत असतील, तर कोचला विचारून बघायला हरकत नाही.

मुलगी पदक आणेल की नाही, हे आज कुणी सांगू शकत नाही. पण ती रोज रेंजवरून आली की ‘आज किती गुण?’ हे विचारण्याआधी ‘हात धुतलेस का गं?’ एवढं नक्की विचारा.