‘की’नंतरचा स्वल्पविराम

रत्नागिरीतील मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी निबंधाच्या वह्या तपासताना शिक्षकाची लाल शाई दोन जागी पुन्हा पुन्हा अडते : एक सर्वनाम, म्हणजे नामाऐवजी येणारा शब्द, आणि दुसरा स्वल्पविराम, म्हणजे वाक्यातील अल्प थांब्याची खूण. ‘ग्रँडफादर केम अँड दे सॅट डाउन’ या वाक्यात आजोबा एकच असताना ‘दे’ आले, ते विद्यार्थ्याला वचन कळत नाही म्हणून नव्हे, तर आदरार्थी बहुवचन त्याच्या घरात रोज बोलले जाते आणि वडीलधाऱ्याला एकवचनी सर्वनाम लावणे कानाला अरेतुरेसारखे उर्मट लागते म्हणून. होडीला ‘इट’ऐवजी ‘शी’ म्हणण्यामागेही मराठी लिंगच असते. या बाबतीत इंग्रज खलाशी त्याच्याच बाजूचे आहेत, पण हे परीक्षकाला सांगून उपयोग नसतो.

स्वल्पविरामाचे दुखणे अधिक जुने आहे. ‘ही सेड दॅट, द बस वॉज लेट’ असे लिहिले जाते. परंतु ‘दॅट’पासूनचे गौण वाक्य, म्हणजे मुख्य वाक्यावर अवलंबून असलेला भाग, हे इंग्रजीत क्रियापदाचे कर्म असल्याने त्या ठिकाणी तोड चालत नाही, तर मराठी छापील गद्यात ‘तो म्हणाला की,’ हे वळण पुरते रुळलेले आहे. मुळात ही खूण मराठीची नव्हे : जुन्या मोडी लिपीत तर शब्द सुटे लिहिण्याचीही रीत नव्हती. मराठीत विरामचिन्हे रुजवण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. इंग्रजीकडून उसनी आणलेली ही खूण मराठीने आपल्या ‘की’पाशी बसवली आणि आता दहावीचा विद्यार्थी ती तेथूनच उचलून इंग्रजीला परत करतो व गुण गमावतो.

खरी कसोटी ‘विच’पाशी लागते. ‘द मँगोज, विच वेअर राइप, वेअर सोल्ड’ यात सगळेच आंबे पिकलेले आणि सगळेच विकलेले असतात. दोन्ही स्वल्पविराम काढले की पिकले तेवढेच विकले, असा अर्थ होतो. मराठीत हे काम ‘जे–ते’ची जोडी करत असल्याने विद्यार्थ्याला त्या खुणा शोभेच्या वाटतात, आणि फळ्यावर लिहिलेला नियम त्याच्या पचनी पडत नाही; मात्र अढीत काय उरले, असे विचारले की उत्तर लगेच येते : पहिल्या वाक्यात अढी मोकळी, दुसऱ्यात कच्चे फळ अजून पेंढ्यात.