गुरगुरते ती हवा

मोठ्या फिश टँकच्या खाली, कपाटात, बहुधा दुसरी टाकी दडलेली असते. तिला संप म्हणतात. वरच्या टाकीत काठाशी आलेले पाणी दातेरी फटींतून एका अरुंद कप्प्यात सांडते, पाइपने संपमध्ये उतरते, तिथे गाळले जाते आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. हीटर, फिल्टर सगळे नजरेआड राहते, पाण्यावरचा तेलकट तवंगही आपोआप निघून जातो. त्रास एकच, आणि तो म्हणजे त्या पाइपची अहोरात्र चाललेली गुरगुर.

या आवाजाचे मूळ मार्सेल मिनार्ट या डच खगोलशास्त्रज्ञाने १९३३ साली गणिताने मांडले. पाण्यात सापडलेला हवेचा बुडबुडा आकसतो, फुगतो, आणि त्या स्पंदनाचा सूर त्याच्या आकारावर ठरतो. १ सेंटिमीटर व्यासाचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ६५० कंपने करतो, तर २ मिलिमीटरचा सव्वातीन हजारांच्या आसपास. वाहत्या पाण्याची खळखळ बव्हंशी या बुडबुड्यांची असते. म्हणून पाइप शांत करायचा तर त्यातल्या हवेचा बंदोबस्त करावा लागतो.

उभ्या पाइपमध्ये पाणी कमी असेल तर ते भिंतीला चिकटून उतरते आणि मधून हवेला वाट राहते. पाणी वाढले की भिंतीवरचा थर जाड होतो, त्यावरच्या लाटा मध्यभागी भिडतात आणि पाण्याचा बुच तयार होतो. तो खाली जाताना मागचे पाणी ओढतो, म्हणजेच सायफन सुरू होतो. कप्पा क्षणात रिकामा होतो, पाइप हवेचा घोट घेतो, सायफन तुटतो आणि कप्पा पुन्हा भरू लागतो. पितळी पेल्यातला वसुदेव आठवा. पाणी बाळकृष्णाच्या पायाला लागले की सगळा पेला तळातून ओसरतो. साध्या पाइपमध्ये हाच खेळ अखंड चालतो.

हवेला वाट द्या

पहिला उपाय डर्सो पाइप या नावाने ओळखला जातो. कप्प्यातल्या उभ्या पाइपच्या माथ्यावर पीव्हीसीचा टी बसवायचा. त्याच्या आडव्या तोंडाला खाली वळलेला एल्बो लावला की पाणी पृष्ठभागाखालून आत शिरते आणि भोवऱ्यातून हवा ओढली जात नाही. टीच्या वरच्या तोंडाला कॅप बसवून तिला बारीक भोक पाडायचे. हवा त्या भोकातूनच आत येते. भोक फार लहान झाले तर सायफन जोर धरतो आणि घोट सुरू होतात. फार मोठे झाले तर नको तितकी हवा शिरून संपमध्ये फेस उठतो. म्हणून ३ मिलिमीटरपासून सुरुवात करून ते बेताबेताने वाढवावे. कॅपला सोल्व्हंट सिमेंट मात्र लावू नये, ती काढता आली पाहिजे.

किंवा हवा येऊच देऊ नका

दुसऱ्या उपायात पाइप पाण्याने पूर्ण भरलेला ठेवतात. पाऊण मीटर उतार असलेला २५ मिलिमीटर आतल्या व्यासाचा पाइप कागदावर ताशी साडेसहा हजार लिटरहून जास्त पाणी नेतो. घर्षणाने त्यात बरीच घट होते, तरी ताशी दोन हजार लिटरच्या पंपासाठी तो मोठाच पडतो. म्हणून खाली गेट व्हॉल्व्ह बसवून त्याचा प्रवाह आवळायचा. बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात उघडतो, त्यामुळे त्यावर इतकी बारीक जुळणी जमत नाही. पाइपचे खालचे टोक संपच्या पाण्यात दोनेक सेंटिमीटरच बुडलेले असावे. त्याहून खोल गेले तर पाइपमधली हवा बाहेर पडू शकत नाही आणि वीज जाऊन आल्यावर सायफन स्वतःहून धरत नाही.

पंपाचा प्रवाह दिवसभर तंतोतंत एकसारखा राहत नाही. म्हणून शेजारी दुसरा पाइप देतात. उरलेली पाण्याची बारीक धार त्याच्या भिंतीवरून मुकाट्याने उतरते. दोन्ही पाइप कप्प्याच्या तळाशी टँक निपलने पक्के करावेत.

वीज गेल्यावर काय होईल, याचा हिशेब आधी करावा. १२० बाय ४५ सेंटिमीटरच्या टाकीतली पातळी फक्त २ सेंटिमीटर उतरली तरी १०.८ लिटर पाणी खाली येते. तेवढी जागा संपमध्ये कायम मोकळी हवी.

भरलेल्या पाइपचा गुण हाच त्याचा धोकाही आहे. एखादी गोगलगाय किंवा पान अडकले तर तो गुपचूप तुंबतो. त्यासाठी थोड्या उंचीवर तिसरा, रिकामा, जाड पाइप ठेवतात. त्याला ना एल्बो लावतात ना व्हॉल्व्ह, आणि त्याचे टोक संपच्या पाण्यात न बुडवता वरच सोडतात. फरशी भिजण्याआधी घरातल्यांना जाग यावी, म्हणून त्या एका पाइपला आवाज करायची मुभा असते.